दुसऱ्या जातीची गाठ

अक्जेमालमावशीला घास अडकायला लागला तेव्हा तिला बरंच वाटलं, खोटं नाही सांगत. आमच्या तुर्कमेन वस्तीत हा अन्ननलिकेचा कॅन्सर घरोघरी. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा दुर्दी त्यातच गेला. त्याला चहा उकळता लागायचा आणि तो ओतायची मावशी. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या, "हिनंच पाजून मारला." तेव्हापासून तीही मुद्दाम तसलाच पोळता चहा प्यायची. मी ओरडून थकलो.

गोम्बद शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर फारसी बोलणारे, मावशीला तुर्कमेनीशिवाय अक्षर येत नाही. म्हणून ट्रक उभा करून मी दुभाषा झालो.

दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे, पण कॅन्सर वाटत नाही. तो अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरात होतो. ही खालच्या स्नायूत आहे, गुळगुळीत. तपासायला तुकडा काढला तर तिथे व्रण धरेल आणि गाठ सोडवणं अवघड होईल. मोठी झालीय, ऑपरेशन करून अख्खीच काढू."

मी सांगितलं तर मावशी माझ्यावरच खेकसली. "मेरेत, नीट विचार त्याला! दुर्दीचा तुकडा काढला होता, माझा का नाही?"

"तुझी साधी आहे, मावशी."

"साधी, मग सुरी कशाला? त्याची जीवघेणी होती, तिला नुसते किरणांचे शेक दिले. हा कुठला न्याय रे?"

डॉक्टरांनी सांगितलं, दुर्दीची पसरली असेल, काढण्यापलीकडे गेली असेल. मावशीच्या डोक्यात काही शिरेना. खरं तर माझ्याही.

"म्हणजे माझी चहानं नाही झाली?"

"नाही."

तिचा चेहराच पडला. तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरलं. मग म्हणाली, "एकाच समोवारच्या बंबातलं पाणी दोघं प्यायलो. विचार, दुर्दी चहानं गेला का? ते कळल्याशिवाय मी कापून घेणार नाही."

मी विचारलं. डॉक्टर बराच वेळ बोलले. उकळतं पिण्यानं त्या जातीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. अफू, तंबाखू, खाणंपिणं, घराणं, इतरही कारणं असतात. एका माणसाचं नेमकं कशानं झालं, ते सांगता येत नाही.

"नाही म्हणतात," मी म्हणालो.

"इतकं बोलला आणि नुसतं नाही?"

"फारसी लांबलचकच असते."

मावशी हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अंगठा कुठे लावायचा?"

ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासली, साधीच निघाली. आता मावशी रोटी चावून खाते आणि गावभर सांगते, "डॉक्टरनं सांगितलंय, चहानं काही होत नाही. हा मेरेत साक्षीला होता." दारात आलेल्या प्रत्येकाला ती धगधगता चहा ओतते, माझ्या बायकोपोरांनाही. मी खरं सांगू की गप्प बसू, अजून कळत नाही. काल माझ्या मुलीनं वाटी तोंडाला लावली तेव्हा मी ती हिसकावून घेतली, आणि मावशी माझ्याकडे बघतच राहिली.