पाच सूत

बहुतेक केसेस पोलिसाच्या लक्षात राहतात त्या चोरामुळे. ही एक मात्र माझ्या मनातून जात नाही ती एका म्हाताऱ्या चौकीदाराच्या मुठीमुळे, आणि त्या मुठीवर विश्वास ठेवणाऱ्या एका मुलीमुळे. नावं कोणाचीच सांगणार नाही. सगळे इथंच राहतात, भाजी आणायला गेलो तरी भेटतात.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. एका गुरुवारी सकाळी हजेरी आटोपून चहाचा पहिला घोट घेतोय, तोच ठाणे अंमलदार एका गृहस्थाला घेऊन आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. जवळच एका मोठ्या गृहप्रकल्पाचं काम चाललं होतं, त्या साइटचा हा मॅनेजर. यार्डातून नऊ टन लोखंडी सळ्या चोरीला गेल्या, अशी त्याची फिर्याद होती आणि संशय चौकीदारावर.

घटनास्थळी गेलो, पंचनामा केला. सहा मजले उभे राहिले होते, वर प्लास्टर चाललं होतं. कंपाउंड कुठंही तुटलेलं नाही, गेट एकच, किल्ली चौकीदाराच्या कमरेला. आता नऊ टन लोखंड काही पिशवीत घालून नेता येत नाही. ट्रक लागतो, भरायला माणसं लागतात, आणि गेट उघडणारा लागतो. सरळ गणित होतं. आमच्या खात्यात सगळ्यात मोठे घोळ अशा सरळ गणितानेच होतात, पण हे शहाणपण नंतरचं.

चौकीदार साठीच्या पुढचा, वैजापूरकडचा. तीस वर्षं तिथल्या मार्केट यार्डात हमाली केलेली. गुडघे गेले म्हणून शहरात आला आणि या साइटचा पाया खणला तेव्हापासून गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत बायकोसोबत राहत होता. त्याला ठाण्यात आणलं. हवालदाराने जबाब लिहून घेतला, मग मी समोर बसवलं.

"ट्रक कधी लावला?"

"कोणताच ट्रक नाय लागला सायेब."

"मग माल काय उडून गेला?"

"उडायला व्हता कुठं?"

मला वाटलं म्हातारा उद्धटपणा करतोय. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. दोन तास हेच चाललं. बाहेर लिंबाखाली त्याची बायको फडक्यात भाकरी बांधून बसली होती. महिला पोलिसाला सारखी सांगत होती, "जेवल्याबिगर त्यांना गोळी घेता येत नाय. नुसती भाकर तरी द्या आत."

मधल्या वेळात मी भंगार बाजारातल्या माझ्या जुन्या खबऱ्याला फोन लावला होता. त्याचं उत्तर आलं, "साब, सगळीकडं पूछा. इतना माल कहीं उतराच नै. उतरता तो मेरे कान पे आता." हा माणूस कधी चुकत नसे. तिथंच थांबायला हवं होतं मी. पण वरून विचारणा सुरू झाली होती, प्रकल्प मोठा, लोक वजनदार. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

एवढ्यात हवालदार म्हणाला, "साहेब, साइटवरची सर्व्हेअर आलीय जबाबाला."

सर्व्हेअर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर साखळी घेऊन शेताच्या बांधावर उभा राहणारा मोजणीवाला आला. म्हटलं, "आता जमिनीचा वाद कुठून काढला?"

आत आली ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. डोक्यावर ओढणी, हातात फाइल, बुटांना सिमेंट. हसून म्हणाली, "मी जमीन नाही मोजत सर, इमारत मोजते. क्वांटिटी सर्व्हेअर. साइटवर बिलिंगवाली मॅडम म्हणतात." नकाशा बघून इमारतीला किती सिमेंट, किती लोखंड, किती विटा लागतील ते आधी काढायचं. मग किती आलं, किती लागलं, काम ठरल्या वेळेपुढे आहे की मागे, हे शेवटपर्यंत पडताळत राहायचं. "नवी सून घरात आली की डबे उघडून बघते ना, तसं. मी दोन महिन्यांपूर्वी आले. उद्या, शुक्रवारी, सगळा साठा मोजणार म्हणून सांगून ठेवलं होतं."

साठा शुक्रवारी मोजायचा आणि चोरीची फिर्याद गुरुवारी. माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी टोचलं.

चौकीदार समोरच होता. जबाब पक्का करायचा म्हणून मी तो मोठ्याने वाचायला घेतला. "सदर यार्डात लोखंडी सळ्या उतरवून घेतल्या होत्या..."

"तसं म्या म्हणलो नाय सायेब," म्हातारा मध्येच बोलला. "म्या म्हणलो, पाच सूत उतरवलं."

हवालदार वैतागला. "तेच ते रे! सळ्याच ना?"

पण त्या मुलीने हातातली फाइल खाली ठेवली. "काका, पाच की सहा?"

"पाच. सहा सूत ह्या गेटातून आत आलंच नाय, पोरी."

तिचा चेहरा उतरला. मला म्हणाली, "सर, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागदावर आम्ही मिलिमीटर लिहितो, पण साइटवर सळीची जाडी सुतातच सांगतात. माझे अब्बा लोखंड बांधायचे, घरात मिलिमीटर कुणी बोलायचंच नाही. पाच सूत म्हणजे सोळा, सहा सूत म्हणजे वीस. चोरीला गेलेला माल वीसचा दाखवलाय."

मी पोलीस. शंका हाच आमचा पगार. म्हटलं, "या वयात याला एका सुताचा फरक कळतो?"

"सायेब, माल उतरवायला माणूस कमी पडला की मी बी हात लावायचो. हमालाचा हात हाय ह्यो."

मग मी रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून चार, पाच आणि सहा सुताचे हातभर तुकडे मागवले. त्याच्याच उपरण्याने त्याचे डोळे बांधले. एकेक तुकडा हातात दिला. तो मूठ मिटायचा, थोडं तोलायचा आणि सांगायचा, "ह्ये चार. ह्ये पाच. परत पाच दिलं का? व्हय, पाचच." चार-पाचचा क्रम बदलून तीनदा केलं. एकदाही चुकला नाही. शेवटी सहा सुताचा तुकडा हातात आला तेव्हा त्याने तो पुन्हा तोलला.

"ह्ये लई जड हाय. ह्या कामावर आल्यापासून असलं आज पयल्यांदा हातात आलं."

काय हात होता तो! मी नोकरीत तज्ज्ञांचे अहवाल ढिगाने वाचले, पण असा खणखणीत पुरावा समोर घडताना पाहिला नव्हता.

म्हणजे जे आलंच नव्हतं ते चोरीला गेलं कसं? मी खूश झालो, पण ती मुलगी खूश नव्हती. तिने फाइलमधला नकाशा पसरला.

"सर, नऊ टनांचं सोडा. ते कागदावर उरलेलं लोखंड. इमारतीत लागलेलं वेगळं. खालच्या दोन मजल्यांचे सगळे कॉलम सहा सुताचे दाखवलेत. सहा सूत आलंच नसेल, तर कॉलममध्ये काय आहे?"

"सुतावरून स्वर्ग गाठायला लागली ही," हवालदार पुटपुटला. मी त्याला गप्प केलं.

खालचे मजले ती येण्याआधीच ओतले गेले होते. वरच्या मजल्यांना नकाशातच पाच सूत होतं, त्यामुळे उघड्या सळ्या बघून कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. जाडी एका सुताने कमी, पण सळीची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जाते, असं तिने सांगितलं. सहा मजले त्यावर उभे होते.

पंच, दोन सरकारी अभियंते, ती मुलगी आणि म्हातारा यांना घेऊन दुपारी साइटवर पोचलो. तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "आधी माणसं खाली घ्या." प्लास्टर करणारे मजूर, त्यांच्या बायका, झोळीतली पोरं, सगळे उतरून मोकळ्या जागेत आले. मग तळमजल्यावरचा एक कॉलम फोडला. काँक्रीट निघालं, सळी दिसली. तिने माप लावलं आणि हळूच म्हणाली, "सोळा."

मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, "पाच सूत."

आणखी दोन कॉलम फोडले. तेच. मी त्या भिंतींकडे बघत राहिलो. आयुष्यभर मी गेलेला माल बाहेर शोधला. या मुलीने ठाण्यात बसून, एका शब्दावरून, सहा मजली इमारतीच्या पोटात काय नाही ते सांगितलं होतं. विद्या म्हणतात ती ही, बाबांनो!

मॅनेजर दहा मिनिटांत फुटला. पुरवठादाराशी संगनमत करून जाड माल कागदावर, बारीक माल साइटवर. साठा मोजायची वेळ आली तेव्हा चोरीची फिर्याद.

"आणि त्या म्हाताऱ्याला का गुंतवलंस?" मी विचारलं.

"त्याचं कोण ऐकणार होतं, सर?"

मला राग आला तो त्याचा कमी आणि माझा जास्त. कारण दोन तास समोर बसून मी खरंच ऐकलं नव्हतं.

काम थांबलं. सगळ्या कॉलमना बाहेरून नवं लोखंड आणि काँक्रीट चढवून ते भक्कम केले, प्रत्येक मापाला ती मुलगी उभी राहिली. आज तिथं दिवे लागतात, गॅलरीत कपडे वाळतात.

या केसने मला शिकवलं ते एवढंच: माणूस जो शब्द बोलतो तो त्याचा असतो. आपण तो सुधारून, खात्याच्या भाषेत लिहितो आणि नेमकं तिथंच खरं गळून पडतं.

त्या संध्याकाळी मी अटकेचे कागद फाडले. म्हाताऱ्याला बायकोजवळ बसवून आधी जेवू घातलं. मग हवालदाराला बाजूला सारून त्याचा जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. लई, नाय, व्हय, पाच सूत, जसंच्या तसं. शेवटी प्रत्येक जबाबाखाली लिहितात ते वाक्य वाचलं: "हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे."

म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हय सायेब. आता हाय."