तज्ज्ञांची वही आणि दिवाणखान्यातले सोयाबीन

आपल्या घरात तीन आठवडे सोफा अंगणात आणि सोयाबीन दिवाणखान्यात होते, आणि त्याला पूर्णपणे मी जबाबदार आहे. सायली, ईशान, तुमच्या आबांनी फोनवर जे सांगितले ते खरेच आहे. फक्त ते क्रमाने सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

माझी तज्ज्ञांची वही तुम्हाला माहीत आहे. आपल्या विदर्भातल्या मालेगावच्या शाळेत तेहेतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, पण पेपर तपासायची हाताची सवय काही गेली नाही. म्हणून रोज सकाळी मी टीव्हीवर इंटरनेट लावून अर्थतज्ज्ञांच्या इंग्रजी चर्चा ऐकते. व्याजदर, खाद्यतेलावरचे आयात शुल्क, कृत्रिम बुद्धिमत्ता, जे असेल ते. मग वहीत रकाने भरते: तारीख, तज्ज्ञ, भाकीत, प्रत्यक्षात काय झाले, शेरा. शेरा तीन महिने उलटल्यावरच, लाल शाईने. (निळ्या टायवाल्या एका गृहस्थांना सलग पाच वेळा ‘चूक’ मिळाले आहे. ते दर आठवड्याला तितक्याच आत्मविश्वासाने परत येतात. माझ्या वर्गात असते तर पालकांची सही आणायला घरी पाठवले असते.)

दिवाळीनंतर एका सकाळी चर्चा लावली, तर तीन पांढऱ्या केसांच्या तज्ज्ञांच्या शेजारी चौथी तज्ज्ञ म्हणून आपली सायली! दूरदेशी नोकरी करते, बाजाराचा अभ्यास करते, एवढे ठाऊक होते. पण पांढरे केस गप्प बसून तिचे ऐकतात, हे ठाऊक नव्हते. ‘विदर्भातले सोयाबीन’ हे शब्द तिच्या तोंडून आले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ती म्हणाली, बाहेरून येणाऱ्या तेलावरचे शुल्क पाहता येत्या काही महिन्यांत सोयाबीनचे भाव वाढतील.

नेमका तेव्हाच फाटकात टेम्पो वाजला. तुमची कमलआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आपली सगळी शेती तीच बघते. विहिरीवरची मोटर जळली होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. सोयाबीन विकून नवी मोटर आणायची, असा तिचा सरळ हिशेब. धान्याचे व्यापारी युसूफभाई माल न्यायला आले होते.

मी चर्चा तिथेच थांबवली. वहीत सायलीच्या नावापुढे लाल शाईने ‘बरोबर’ लिहिले (तीन महिने आधी!) आणि बाहेर गेले.

“टेम्पो परत न्या, युसूफभाई. भाव वाढणार आहे.”

“कोन म्हनते, मॅडम?”

“तज्ज्ञ.”

“तो निळ्या टायवाला?” (वही त्यांनीही पाहिलेली आहे.)

“माझी नात.”

युसूफभाईंनी टोपी सरळ केली. “नात म्हनते तं मंग मी कोन बोलनारा,” म्हणाले, आणि रिकामा टेम्पो वळवला.

कमल पायरीवर उभी होती. “बाई, हरभऱ्याले पानी कुठून देऊ?”

“आठ दिवस थांब,” मी म्हणाले. अर्थमंत्री बोलतात त्या आवाजात.

आभाळ भरून आले होते आणि गोठ्याचे पत्रे गळत होते. सोयाबीनचे बावीस कट्टे, म्हणजे भरलेली पोती, दिवाणखान्यात आले, सोफा अंगणात गेला. टीव्ही कट्ट्यांच्या मागे गेला आणि तो फक्त वरून दिसू लागला, म्हणून आबा वर चढून बसू लागले. मी त्यांना चहा हात उंच करून देत असे. दुसऱ्या आठवड्यात उंदरांना बातमी लागली. एक कट्टा कोपऱ्यात फुटला, दाणे फरशीभर पसरले, आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेले अनसिंगचे पाहुणे दारातून जे निघाले ते थेट स्वयंपाकघरात पोचले. (पत्रिका मात्र शेवटपर्यंत हातात सरळ होती.)

भाव तसूभर हलला नाही. गल्लीतले लोक रोज विचारत, नात आज काय म्हणते? कमल काहीच विचारत नव्हती. शेजाऱ्याच्या विनवण्या करून त्याच्या मोटरीवरून जमेल तेवढे पाणी घ्यायची, आणि आल्यावर एवढेच सांगायची की हरभरा माना टाकून राह्यला. तिच्या त्या न विचारण्याने माझी झोप गेली.

अशात युसूफभाई आले. म्हणाले, आपल्या गावची पोरगी मोठमोठ्या लोकांत बोलली आणि आम्ही पाहिली नाही, हे बरे नव्हे. मला तेवढेच निमित्त हवे होते. रविवारी सगळ्या गल्लीला बोलावले. सगळे कट्ट्यांवर बसले, टीव्ही ओढून समोर ठेवला, आणि मी हातात पट्टी घेऊन वाक्यावाक्याचा अर्थ सांगू लागले. भाव वाढतील, इथे टाळ्या पडल्या. मी टीव्ही बंद केला.

“बंद काहून केला, मॅडम?” युसूफभाई म्हणाले. “पोरगी तं अजून बोलून राह्यली होती.”

खरेच होते. तिचे वाक्यही पुरे झाले नव्हते. मी पुन्हा लावला.

सायली म्हणाली, पण ही वाढ ज्याच्याकडे कोरडे गोदाम आहे त्याच्यासाठी. इथवर मी अर्थ सांगितला, आणि पुढचे वाक्य ऐकून माझी पट्टी खाली आली.

“पुढं काय म्हनते, बाई?” कमलने विचारले.

तेहेतीस वर्षांत मी कोणालाही चुकीचा अर्थ सांगितला नाही. शब्द न् शब्द सांगितला: ज्या शेतकऱ्याचा माल घरात पडून राहणार आहे, त्याने थांबू नये. ओल, उंदीर आणि पुढच्या पिकाची अडचण मिळून ती वाढ खाऊन टाकतात. त्याने लगेच विकावे.

डावीकडच्या कट्ट्यात उंदीर ऐकू येत होता. मग वरून आबांचा आवाज आला, “म्हंजे आता मी खाली उतरू का?”

सगळी गल्ली हसली. कमल हसली नाही. टीव्हीकडे बघत म्हणाली, “इतक्या दुरून तिले आपला उंदीर दिसला, बाई. आपली पोरगी हुशार हाये.” आणि मग पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली, ती थांबेचना. एकाच वेळी इतकी लाज आणि इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, तिसऱ्या दिवशी मोटर आली. बांधाकडचा एक पट्टा गेला, बाकी हरभरा तरला. दीड महिन्याने सोयाबीनचा भाव खरोखर वाढला, तेव्हा युसूफभाई पेढे घेऊन आले. “नातीच्या नावाचे हायेत, मॅडम. तिचं म्हननं खरं निंगालं. माह्यं गोदाम कोरडं हाये ना.”

काल तीन महिने पूर्ण झाले. वही उघडली. सायलीच्या नावापुढे ‘बरोबर’ होतेच, खाडाखोड करावी लागली नाही. त्याखाली मी नवी ओळ घातली. तज्ज्ञ: आजी. शेरा: प्रश्नपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, हे वर्गात अनेकदा सांगितले होते.

अशा शेऱ्याखाली पालकांची सही लागते. सायली, उन्हाळ्यात येशील तेव्हा तेवढी करून जा.