पाहुण्यांचा आचारी

सायकलवरून उतरल्यावर कुणीही आधी स्टँड लावतो. आमच्या कॅन्टीनचे आचारीकाका आधी हँडलला लटकवलेली पिशवी दोन्ही हातांनी सोडवून छातीशी धरायचे आणि मग कमरेने ढकलून सायकल भिंतीला टेकवायचे. पिशवीत काय आहे असं गेटवर कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं. "पावना हाय. हलू बोला."

हे उत्तर पहिल्यांदा ज्याच्या वाट्याला आलं तो रामसेवक, आमचा वॉचमन. जौनपूरहून नवा नवा आलेला, मराठी यथातथा आणि ड्यूटीला भलताच पक्का. पावना म्हणजे मेहमान, एवढं त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. त्याने रजिस्टर उघडलं, पाहुण्यांच्या रकान्यात पेन टेकवलं आणि काकांच्या मागे रस्त्यावर बघत विचारलं, "मेहमान कहाँ है?"

काकांनी पिशवीतून टाकळ्याच्या रानभाजीची हिरवीगार जुडी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "हा काय! नाव लिव, टाकळा. गाव लिव, आमच्या वाडीचा बांध."

रामसेवकने जुडी निरखून पाहिली. "महाराज, हमारे गाँव में इसको भैंस भी मुँह नहीं लगाती."

"म्हशीला बोलावलंय कुनी?" असं म्हणून काका आत गेले. तुम्हीच सांगा, त्या दोघांचं पुढे जमेल असं कुणाला वाटलं असतं?

मी त्या कारखान्यात टायमकीपर होतो. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तेव्हाचं बोईसर ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, निम्मं गाव बिनलग्नाच्या पोरांचं होतं. एकेका भाड्याच्या खोलीत चौघेपाच जण, एक स्टोव्ह, एक पातेलं, आणि ते घासायचं कुणी यावरून रोज भांडण. सकाळी चहा-पाव, संध्याकाळी वडापाव, आणि शिफ्टच्या बसमध्ये पोट धरून बसलेली माणसं. मी त्यातलाच. दिवसाकाठी खरं जेवण म्हणावं असं एकच, आणि ते काकांच्या हातचं.

काका तारापूरच्या अलीकडच्या एका गावचे, बागायतदार घरातले. वाडीत नारळ, केळी, वाल, कोनफळ, सगळं होतं. वाडी भाऊ बघायचे. काकांना हौस माणसांना खाऊ घालायची. गावात लग्नाकार्याला फुकट करत होते तेच इथे पगारावर करू लागले.

त्यांच्या मते हंगामाची भाजी म्हणजे पाहुणी. ती दारात आली की मान द्यायचा, चार दिवस मनापासून करायची, आणि निघाली की पदर धरून अडवायचं नाही. एकदा एका हौशी सुपरवायझरने घरच्या नव्या फ्रिजचं कौतुक सांगितलं. त्यात म्हणे मटार सहा महिने टिकतात. काकांचा चेहरा पडला. "पावन्याला कोंडून ठेवतात काय कुनी?"

मी विचारलं, "काका, मग बटाटा?"

"बटाटा पावना नाय. तो घरजावय. बारा मयने ठान मांडून बसलाय."

पाऊस स्थिरावला की टाकळा यायचा, कांदा आणि ओलं खोबरं घालून. श्रावणात भोपळ्याची फुलं पिठात बुडवून तळलेली. थंडीत वालाचं बिरडं, त्याचा वास हजेरीच्या पंचिंग मशीनपर्यंत यायचा आणि माझी बेरीज चुकायची. उन्हाळ्यात एखाद्या दुपारी ताडगोळे सोलून परातीत मांडलेले. जेवण वाढता वाढता काका प्रत्येकाचं तोंड बघायचे. एखाद्याला म्हणायचे, "तुजं पोट कालपासून बरं नाय. आज पावना तुज्यासाठी नाय, तू पेज पी." आणि खरोखरच त्याच्या ताटात पेज पडायची. मी स्वतः अशी पेज कितीदा प्यायलोय. खोटं कशाला सांगू, आईनंतर माझ्या पोटाची एवढी चौकशी दुसऱ्या कुणी केली नाही. बायकोनेसुद्धा नाही, आणि हे तिला ठाऊक आहे.

माणूस मात्र रुसका. कुणी ताटात टाकलं की हात धुवायच्या नळाशी जाऊन उभे राहायचे. "काय झालं? मीठ कमी हाय?" पोरं मग उरलेली भाजी पोळीखाली लपवून नळाकडे सटकायची. काका पोळी उचलून बघायचे.

अशा माणसाचं एका जूनमध्ये बिनसलं, आणि ते शेवळांमुळे.

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे कोंब. चवीला अप्रतिम, पण घशाला खाज आणतात. ती मारायला काकडं नावाची आंबट रानफळं बरोबर शिजवावी लागतात, हे इकडे पोरासोरांनाही माहीत. काकांचे मेहुणे मासवणच्या रानातून काकडं आणून द्यायचे. त्या वर्षी मेहुणे आजारी पडले. शेवळं आली, काकडं आली नाहीत. शहाण्या माणसाने त्या दिवशी बटाटा केला असता. पण पाहुणा दारात आलेला! काकांनी चिंच घातली, तीही घरच्या अंदाजाने, आणि पातेलं होतं अख्ख्या पहिल्या शिफ्टचं.

जेवणं आटोपली आणि माणसं घसे खाकरू लागली. मग खाजवू लागली. मशीनं बंद पडली, नळावर गुळण्यांची रांग लागली. मी स्वतः लोटाभर ताक ढोसून टेबलाखाली बसलो होतो. रामसेवक गेटवर जीभ बाहेर काढून उभा, आणि नेमकी तेव्हाच मुंबईहून मालकांची गाडी आत आली. काकांनी काय करावं? पातेल्यातली उरलेली भाजी ताटात घेतली, सगळ्यांसमोर बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, आणि दोन दिवस त्यांना बोलता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रशासनाच्या साहेबांनी कॅन्टीनच्या भिंतीवर तक्ता लावला. सोमवार बटाटा, मंगळवार फ्लॉवर, बुधवार चणे, असा शनिवारपर्यंत. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांना आम्लपित्त होतं, डब्यात रोज दहीभात असायचा, आणि जगातला कुठलाही त्रास टाळायचा तर रोज तेच खावं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रामसेवक तर उघड म्हणाला, "आलू अच्छा है. आलू में धोखा नहीं."

काकांनी ते ऐकलं. साहेबांच्या तक्त्यापेक्षा त्यांना ते जास्त लागलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. काका तक्त्याप्रमाणे भाजी करत होते, चवही बिघडली नव्हती, पण नळाशी येऊन उभं राहणं थांबलं. सायकलच्या हँडलला पिशवी नसायची. मला करमेना. एकदा दुपारी मी आत जाऊन बसलो, तर बटाटे सोलता सोलता म्हणाले, "भाऊ, एक काम कर. येत्या रविवारी वाडीत उकडहंडी लावतो. समद्यांना सांग, सायबांना पन. मानसं आली तर ठीक. नाय आली तर समजेन, त्यांना नकोच हाय. मग मी सोमवारी येत नाय. घरी बसेन."

ते थट्टेत बोलत नव्हते. मी खात्याखात्यात फिरून सांगितलं. "बघू," "ओव्हरटाइम नसला तर," "घशाचा विमा उतरवून येऊ," अशी उत्तरं मिळाली. साहेब म्हणाले, "मला बाहेरचं चालत नाही."

रविवारी मी सकाळीच वाडीत पोचलो. काकांनी मडकी तयार ठेवली होती. तळाला वासाचा रानपाला, त्यावर वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, खोबरं-लसणाचं वाटण भरलेली वांगी. पाण्याचा थेंब नाही. वरून पुन्हा पाला दाबून त्यांनी मडकी उपडी केली आणि भोवती गवत-गोवऱ्या रचून पेटवल्या. एका मडक्यात बटाटे बघून मी चिडवलं, "काका, घरजावई पण?"

"पंगत हाय. त्याला काय उठवायचं?" काका म्हणाले, पण डोळे वाडीच्या फाटकाकडे होते.

विस्तव बसला. ऊन वर आलं. फाटकात कुणी नाही. काकूंनी हळूच दोन पत्रावळी मांडल्या. काका म्हणाले, "थांब जरा." मग काठीने राख उगाचच सारखी करत बसले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

आणि रस्त्यावर घंट्या वाजल्या. एकामागून एक सायकली, त्यांच्या मागे रिक्षा, रिक्षात कोंबलेली आमची माणसं. रस्त्यातल्या एका मोरीत रिक्षाचं चाक अडकलं होतं, ते काढण्यात सगळ्यांचा वेळ गेला होता. चिखलाने माखलेला रामसेवक सगळ्यात पुढे. म्हणाला, "महाराज, कुछ बचा है कि नहीं?"

काकांनी तोंड फिरवून मडक्यावर काठी मारली. मडकं फुटलं, वाफ उठली, आणि तो वास आला तसे सगळे पत्रावळींवर बसले. नंतर ऐकू येत होते ते फक्त शेंगा सोलल्याचे आवाज. जेवणं अर्ध्यावर असताना स्कूटरवरून साहेब आले, डबा घेऊन. मान राखायचा म्हणून कोनफळाची एक फोड घेतली. मग दुसरी. डबा तसाच परत गेला.

सोमवारी त्यांनी काकांना तक्त्यापाशी बोलावलं. "शुक्रवारी काय कराल ते आधी लिहून देता येईल?"

"नाय, सायब. काय येईल ते मला काय म्हाईत?"

साहेबांनी खिशातून खोडरबर काढलं आणि शुक्रवारपुढचा पेन्सिलीने लिहिलेला कोबी खोडून टाकला. "मग हा रिकामा ठेवतो. पण पहिलं ताट तुम्ही खायचं. तासभर आधी." काकांनी ही अट इतक्या आनंदाने पाळली की शुक्रवारी त्यांचं जेवण बघायलाच पोरं दाराशी जमायची. ड्यूटी नसली की रामसेवक तर आत विळीपाशीच बसून पाहुणा निवडू लागायचा.

वर्षं गेली. नव्वद साल उलटल्यावर काका थकले, घरी बसले, आणि एका भर पावसात गेले. आम्ही सगळे स्मशानात होतो. साहेब बदलून गेले होते, तेही आले. त्यानंतर कॅन्टीन ठेकेदाराकडे गेलं. नवा छापील तक्ता लागला. शुक्रवार भरलेला होता. तक्रार करणार कुणाकडे?

त्याच वर्षी श्रावणातल्या एका शुक्रवारी मी सहज कॅन्टीनमध्ये डोकावलो. रामसेवकची ड्यूटी संपली होती, पण तो घरी गेला नव्हता. बोईसर स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून त्याने टॉवेल भरून करटोली आणली होती. ठेकेदाराचा पोरगेला आचारी ती काटेरी फळं हातात फिरवत म्हणत होता, "ये तो लिस्ट में नहीं है. मुझे बनाना नहीं आता."

रामसेवकने युनिफॉर्मचा शर्ट काढून खिळ्याला लावला, हात धुतले आणि विळीसमोर मांडी घातली. एक करटोलं उभं चिरून त्याने आतल्या बिया बोटाने दाबून पाहिल्या, कोवळ्या निघाल्या तशा तिथेच ठेवल्या, आणि मान वर न करता त्या पोराला म्हणाला, "नाय येत तर बस हितं. शिकवतो."