बोक्याची गुरगुर

माझ्या सासऱ्यांना कारखान्यात सगळे कानवाले मिस्त्री म्हणायचे. मशीन कुरकुरायला लागलं की ते लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग दुखणं कुठे आहे ते सांगायचे. एखाद्या ऑपरेटरने नुसतं ग्रीस कोंबून आवाज बंद केलेला दिसला, तर त्याची काही खैर नसे. "आवाज दाबलास, दुखणं आत तसंच की रे," म्हणत सगळ्या शेडसमोर त्याची बिनपाण्याने करायचे. हे नवऱ्याने मला लग्नाआधी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. लग्नानंतर कळलं की कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलं की मिस्त्रींचे कान मिटतात. घरात ते बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

ते निवृत्त झाले त्या सुमाराला कुठूनतरी एक काळं पिल्लू घरात घुसलं आणि दुधाच्या पातेल्यात तोंड घालताना पकडलं गेलं. म्हणून त्याचं नाव बोका. कुत्र्याला बोका म्हणणारा माणूस थट्टेखोर असेल असं कोणालाही वाटेल, पण मिस्त्रींनी हे नाव अगदी गंभीरपणे ठेवलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा घरात ते आणि बोका दोघेच उरले. संध्याकाळी हे चहा घ्यायचे आणि बोका बिस्किट. बोक्याशी ते जेवढं बोलायचे तेवढं पोटच्या पोराशी कधी बोलले नसतील.

माझं बाळंतपण झालं आणि आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो. बरोबर बाळाचा पाळणा, बॅगा आणि आमचा कुत्रा कॅप्टन. कॅप्टन तांबूस, तरणाबांड, अंगात नुसतं वारं भरलेलं. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "इथे आधी बोका. ताटली आधी बोक्याची, दारातून आधी बोका, लाडही आधी बोक्याचे. ज्युनिअरने सिनिअरच्या पुढे जायचं नाही."

कॅप्टनने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. दोघांनी आपसात काय ते ठरवून टाकलं होतं. चटई बोक्याची, चेंडू कॅप्टनचा, खिडकीखालचं ऊन जो आधी येईल त्याचं. बोका चटईवर असला आणि कॅप्टन जवळ आला की बोका हलकेच गुरगुरायचा. कॅप्टन तोंड फिरवायचा, ओठ चाटायचा आणि लांबून वळसा घालून निघून जायचा. विषय तिथेच संपायचा. नवरा-बायकोची भांडणंही इतक्या थोडक्यात मिटत नाहीत.

पण मिस्त्रींना गुरगुर खपेना. शेजारचे मास्तर रोज पेपर वाचायला यायचे, त्यांनी वर तेल ओतलं. "मिस्त्री, ही खुर्चीची भांडणं आहेत. दोघांत बॉस कोण ते ठरतंय. तुम्ही दोघांचे बॉस व्हा, म्हणजे प्रश्न मिटला." बॉस व्हा म्हटल्यावर कोणाला नको वाटतं? मिस्त्रींनी कपाटातली पोलादी पट्टी काढून टेबलावर ठेवली. बोका गुरगुरला की ती टेबलावर फाडकन आपटायची. "बोक्या, गप! मोठा ना तू घरात? मोठ्याने असं वागायचं?" बोका कान पाडायचा, कष्टाने उठायचा आणि चटई सोडून जायचा. उठताना हल्ली त्याचे मागचे पाय आधी फरपटायचे, मग सरळ व्हायचे. जेवताना गुरगुरला तर ताटलीच उचलली जायची.

न राहवून मी एकदा म्हटलं, "बाबा, कारखान्यात कोणी असा आवाज बंद केला असता, तर तुम्ही त्याला सोडलं असतं का?"

"मशीनला मान नसतो, कुत्र्याला असतो," ते म्हणाले. "मी त्याला त्याचा मान देतोय. त्याने तो सांभाळायला नको?"

नवरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "जाऊ दे ना गं. त्यांचा कुत्रा आहे."

महिन्याभरात गुरगुर थांबली. अगदी पूर्ण थांबली. मिस्त्री येईल त्याला सांगायचे, "आता घरात चकार शब्द नाही." मास्तर मान डोलवायचे. आणि मला मात्र त्या दिवसापासून भीती वाटायला लागली.

कारण बोका आता काहीच करत नसे. कॅप्टन दारात आला की तो जिथे असेल तिथे ताठ व्हायचा. चघळत असेल तर जबडा थांबायचा. मान हलायची नाही, नुसता डोळा फिरायचा आणि कडेचं पांढरं दिसायचं. तेवढंच. कॅप्टन, ज्याला पूर्वी मागच्या अंगणाकडे जाणाऱ्या बोळातून धावताना भिंतींचं भान नसे, तो आता बोळाच्या तोंडाशी उभा राहून आत बघत राहायचा. बोका झोपल्याशिवाय पाणी प्यायला जायचा नाही. दोघांच्या ताटल्या शेजारी असायच्या, पण कॅप्टन आपली ताटली अर्धी टाकून निघून यायचा. मिस्त्री म्हणायचे, "बघ, शिस्त लागली." घरात इतकी शांतता होती की पंख्याची कुरकुर ऐकू यायची. आमची लेक ठकी त्याच सुमाराला रांगायला लागली.

कुत्र्यांना लस द्यायला डॉक्टरीणबाई घरी आल्या. तिशीची, मोजकं बोलणारी बाई. त्यांनी बोक्याच्या कमरेवरून हात फिरवला आणि मागच्या पायाच्या सांध्यावर थोडं दाबलं. बोका आवाज न करता गोठला. बाईंनी हात झटकन मागे घेतला.

"हा गुरगुरत नाही?"

"छे! शिकवलंय त्याला," मिस्त्री छाती फुगवून म्हणाले.

बाईंची नजर जमिनीवर बसलेल्या ठकीकडे गेली. "काका, ह्याचे सांधे दुखतायत. कोणी अंगावर येऊन पडेल, धक्का लागेल, ही भीती आहे त्याला. ही बॉसगिरी नाही. आणि कुत्र्यांत असा एक राजा नसतोच. चटईपाशी एकाचं चालतं, चेंडूपाशी दुसऱ्याचं. नजर फिरवून, अंग वळवून ते आपसात भागवतात. नाहीच भागलं तर गुरगुरतात. गुरगुरणं म्हणजे 'लांब हो' असं नीट सांगणं. ते तुम्ही बंद केलंत. आता त्याच्याकडे थेट चावणंच उरलंय."

"माझा बोका? माझ्या घरात?" मिस्त्री हसले. "बाई, मांडीवर वाढलाय तो."

बाईंनी दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि बोळाला जाळीचं दार बसवायला सांगितलं. मी त्याच दिवशी नवऱ्याच्या मागे लागले. तो रविवारी बसवतो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "बोक्याला पिंजऱ्यात घालायचा बेत दिसतोय." ते दार कागदात गुंडाळलेलं जिन्याखाली पडून राहिलं. मी ठकीला क्षणभरही जमिनीवर एकटं सोडत नव्हते. पण घरातलं काम काय माझी वाट बघत थांबतं?

त्या दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. ठकी झोपली होती आणि मिस्त्री हॉलमध्ये होते. "बाबा, उठली तर उचलून घ्या हं," असं मी बजावून गेले होते. मिक्सर घरघर करत होता म्हणून त्यांनी तो टेबलावर उघडून ठेवला होता. मी खाली आले तेव्हा ते दाराकडे पाठ करून बसले होते. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला, डोळे मिटलेले, मिक्सर चालू.

ठकी उठून रांगत हॉलभर फिरून आली होती आणि आता चटईच्या काठावर पोचली होती. बोका पडलेला होता. त्याचं तोंड मिटलेलं, अंग ताठ. कॅप्टन दारातच थांबला होता. पुढे येत नव्हता, तोंड एका बाजूला वळवून पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता. ठकीने खिदळत हात पुढे केला आणि बोक्याच्या मागच्या पायावर टेकवला.

मी किंचाळले. मिस्त्री वळले. आयुष्यात ते इतक्या चपळाईने हलले नसतील. त्यांनी आपला उजवा हात दोघांच्या मध्ये घातला आणि बोक्याने तो धरला. ठकीचं तोंड तिथून वीतभरावर होतं. मी तिला ओढून छातीशी घेतलं. तिला खरचटलंही नव्हतं, पण मी मोठ्याने रडत होते. मिक्सर बंद केला तेव्हा लक्षात आलं की एवढं सगळं होऊनही दोन्ही कुत्र्यांपैकी कोणीही हूं की चूं केलं नव्हतं.

मिस्त्री जमिनीवर बसून होते. अंगठ्याच्या मुळापासून रक्त वाहत होतं. बोका हात सोडून भिंतीला टेकला होता आणि थरथरत होता.

"आवाज नाही केला गं त्याने," मिस्त्री म्हणाले. "काहीच आवाज नाही केला."

हाताला टाके पडले. अंगठा आता पुरता वळत नाही, स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या मुठीत राहत नाही. नवऱ्याने हॉस्पिटलमधून परतल्यावर आधी जाळीचं दार बसवलं आणि मग म्हणाला, "बाबा, बोका ह्या घरात नको." मलाही तेच वाटत होतं. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी मागच्या अंगणातल्या सामानाच्या खोलीत आपली खाट हलवली आणि बोक्याला घेऊन तिकडे राहायला गेले.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "त्याला घराबाहेर पाठवायचं नाही म्हणत असाल, तर एकच गोष्ट बघा. तो पुन्हा गुरगुरायला लागला, तर त्याच्याबरोबर राहता येईल. तो सांगेल, तुम्ही थांबाल. नाही गुरगुरला, तर ह्या बाळाजवळ त्याला कधीच ठेवता येणार नाही."

तेव्हापासून मिस्त्री रोज त्याच्या ताटलीपासून थोड्या अंतरावर बसतात. बाईंनी शिकवलं तसं, हळूच ताटलीकडे सरकतात, बोका ताठला की लगेच मागे येतात. मी जाळीच्या अलीकडून बघते. मला त्यांचा राग येतो आणि कीवही.

काल मी चहा द्यायला गेले तेव्हा ते त्याला विनवत होते. "बोक्या, बोल रे. काही म्हणणार नाही मी तुला. एकदा गुरगुर की राजा."

बोक्याने खाणं थांबवलं. त्याने कान पाडले, मिस्त्रींच्या हाताकडे बघितलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. तो अजून त्यांचं ऐकत होता.