धाकटीच्या वाटची गोळी

आमच्या ताई दमतात, पण दमले असं कधी म्हणत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "जरा पाय भरून आलेत." ताप असला तर जरा अंग गरम असतं. पाठ धरली तर जरा वाकडी बसले होते. या 'जरा'चा मला भारी राग येतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो ऐकतेय, आणि आता घरात कुणीही 'जरा' म्हटलं की मी त्या माणसाला आधी खुर्चीत बसवते.

ताई म्हणजे माझी नणंद. माझा नवरा भावंडांत मोठा, पण मोठेपणाची कामं सगळी ताईंनी केली. यांची आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा हा परगावी नोकरीला होता, ताईंची शाळा नुकती संपत होती आणि धाकटीचे दुधाचे दात पडत होते. पुढे मावशीही त्याच दुखण्यानं गेली. ताईंनी धाकटीच्या वेण्या घातल्या, पाढे घेतले, तिला नोकरीला लावलं, तिचं लग्न लावून दिलं आणि मग तिच्याच घरी मागच्या खोलीत राहायला गेल्या. स्वतःचं लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हे त्यांचे शब्द, बसमध्ये छत्री राहून जाते तसं.

धाकटी चाळिशीला आली, तिची मुलगी तिच्या खांद्याला लागली, तरी ताईंच्या लेखी ती अजून पहिलीतच. सफरचंद कापलं तर मोठी फोड धाकटीला. पंख्याखालची जागा धाकटीला. धाकटी वैतागते, "ताई, मला नकोय गं," म्हणते, आणि ताई "खा मुकाट्यानं" म्हणून फोड पुढे सरकवतात. मी समोर बसलेली असले तर मला मधली फोड मिळते. ताईंच्या वाट्याला देठाकडचं.

ताई कामाला एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत. ही लाँड्री तळघरात आहे. एकदा त्यांचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा दारातच माझा श्वास कोंडला. भिंतीला घाम, माणसांना घाम. एक लांबलचक गरम रोलर फिरत असतो. ओली चादर दोन टोकांना दोघींनी धरायची, ताणायची, सुरकुती न पडू देता रोलरमध्ये सारायची, की पलीकडच्या दोघी ती गरम गरम पकडून घडी घालतात. हात काढून घ्यायला जरा उशीर झाला तर भाजतो. ताईंच्या दोन्ही मनगटांवर आत डाग आहेत. बसायला तिथे स्टूलसुद्धा नाही, कारण बसून चादर ताणली जात नाही. घरी आल्यावर स्वयंपाक, भांडी, भाचीचा गृहपाठ. आणि तरी धाकटीनं कामाला बाई ठेवायचं नाव काढलं की ताईंचं तोंड उतरायचं.

आई आणि मावशी दोघी गेल्यामुळे डॉक्टरांनी भावंडांचं रक्त तपासायला सांगितलं. आईकडून आलेला दोष माझ्या नवऱ्यात निघाला नाही. दोघी बहिणींत निघाला. आजार झालेला नव्हता, पण होण्याची भीती इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होती. त्या दिवशी धाकटी रडली आणि ताई तिला पाणी द्यायला उठल्या. ताईंचं रक्तही तेच सांगत होतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या तर मुळीच नाही.

मग त्याच हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी निघाली. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना आजार होण्याआधीच द्यायचं औषध. दोघींना विचारलं, दोघी तयार झाल्या. चाचणीच्या नर्सबाईंनी समोर बसवून सगळं फोड करून सांगितलं. मीही होते. निम्म्या बायकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, ते कॉम्प्युटर ठरवणार. नर्सबाईंना माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "हे अगदी सुरुवातीचं आहे. औषध अंगाला मानवतं का, शरीरात काय करतं, एवढंच आत्ता बघायचंय. त्यानं कॅन्सर टळतो की नाही, ते आम्हालाही माहीत नाही."

ताईंच्या कानांनी यातलं 'औषध' तेवढं घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं.

खऱ्या गोळीनं काय त्रास होऊ शकतो तेही सांगितलं होतं. थकवा येईल, घाम फुटेल, सांधे धरतील, झोप नीट लागणार नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि ताईंना हे सगळं होऊ लागलं. घाम तर धारांनी. गुडघे असे धरले की जिना चढताना मध्येच थांबून त्या भिंतीवरचा रंग बघितल्यासारखं करायच्या. धाकटी मात्र टुणटुणीत. भूक छान, झोप गाढ.

ताईंनी मनाशी हिशेब मांडला. खरी गोळी आपल्याला आली, धाकटीला नुसतीच पांढरी टिकली. हे त्यांना सहन होईना. आई गेली तेव्हा त्यांनी धाकटीला सांभाळायचं कबूल केलं होतं, आणि आता वाचवणारं औषध आलं तर ते स्वतःच गिळत बसायचं? धाकटीला मुलगी आहे. आपल्यामागे कोण आहे?

गोळ्या दिसायला सारख्या, बाटल्याही सारख्या, फक्त वरचे आकडे वेगळे. आणि दोघींच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवायचं काम अर्थातच ताईंचं. त्या घरात टाचणीसुद्धा ताईंच्या हाताखालून जाते. त्यांनी एका रविवारी आपल्या बाटलीतल्या गोळ्या धाकटीच्या डबीत घातल्या आणि धाकटीच्या आपल्या डबीत. दर रविवारी. धाकटीला चकार शब्द सांगितला नाही, कारण सांगितलं असतं तर तिनं डबी भिंतीवर फेकली असती.

मलाही पत्ता नव्हता. मला एवढंच आठवतं, एकदा मी त्यांच्याकडे गेले तर ताई दार उघडता उघडताच म्हणाल्या, "वहिनी, धाकटीचा गुडघा दुखतोय!" चेहरा असा, जणू तिला बढती मिळाली.

"मग त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"नाही, म्हणजे, जरा दुखतोय," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला पळाल्या. त्यांचा स्वतःचा थकवा काही कमी झाला नव्हता, उलट वाढलाच होता. पण आधीचं औषध अजून अंगात मुरलेलं असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. धाकटीचा गुडघा मुलीबरोबर सायकल शिकताना आपटला होता, हे मला नंतर कळलं.

मग हॉस्पिटलातून फोन आला. चाचणीत दर वेळी रक्त घेत, आणि औषध त्यात किती उतरलंय ते दुसरीकडे कुठेतरी तपासत. दोघींचे निकाल त्यांच्या बाटल्यांवरच्या आकड्यांशी जुळत नव्हते. दोघींनी या, असं सांगितलं. मला दोघींचाही भरवसा नव्हता, म्हणून मी बरोबर गेले.

खोलीत टेबल, वजनाचा काटा, पडद्याआड तपासायचा पलंग. डॉक्टर मागे टेकून बसले होते, डोळ्यांखाली काळं. त्यांचीही झोप कुठेतरी राहून गेली असावी. त्यांनी विचारलं, "गोळ्यांची काही अदलाबदल झाली का?" धाकटी नाही म्हणायला तोंड उघडतेय तोच ताई म्हणाल्या, "हो. मी केली."

धाकटी त्यांच्याकडे वळली. "काय केलंस?"

ताईंनी सांगितलं. मान खाली घालून, पण अडखळल्या नाहीत. मला राग आला आणि त्यांची कीवही आली. धाकटी मात्र तडकली. "मला विचारलंस? माझ्या तोंडात काय जातंय ते मला विचारलंस का तू? मी काय अजून वेण्या घालून घ्यायला बसलेय तुझ्यापुढे?"

डॉक्टर कुणावर ओरडले नाहीत. आता तुम्हा दोघींना चाचणीत ठेवता येणार नाही, एवढं म्हणाले. दोघींची तपासणी होत राहील, वर्षाच्या वर्षाला, पण गोळ्या बंद.

तेव्हा ताई खुर्चीवरून उठल्या. "चूक माझी आहे. मला काढा. हिला राहू द्या, हिला काहीच माहीत नव्हतं." हात जोडले त्यांनी. "साहेब, हिच्या गोळ्या थांबवू नका."

"तसं करता येत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "कुणी कोणती गोळी किती घेतली याची आता सरमिसळ झालीय."

नर्सबाईंनी ताईंना खांद्याला धरून बसवलं. मग डॉक्टर म्हणाले, दोघींच्या पोटात काय गेलं ते आता तुम्हाला सांगायलाच हवं, म्हणून कुणाला कोणती गोळी दिली ती कॉम्प्युटरची यादी उघडून बघितलीय. त्यांनी ताईंकडे बघितलं, आणि सांगावं की नाही असं क्षणभर त्यांना वाटलं असावं. "तुमच्या बाटलीत औषध नव्हतं. औषध यांच्या बाटलीत होतं."

मला कळायला वेळ लागला. ताईंना लगेच कळलं.

"म्हणजे हिच्या वाटचं मी खाल्लं?"

नर्सबाई समजावू लागल्या, ते औषध उपयोगी आहे की नाही हेच अजून ठाऊक नाही, तुम्ही तिचं काही हिरावलं नाही. ताई मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या. धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला. ती ताईंचं मनगट धरून बसली.

आम्ही निघालो. लिफ्टला रांग होती म्हणून जिन्यानं उतरू लागलो. धाकटी पुढे, ताई मध्ये, मी मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ताई थांबल्या. मला वाटलं गुडघा. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, अदलाबदलीच्या आधी माझ्या गोळीत काहीच नव्हतं."

"हो ना."

"मग तेव्हाही मी इतकी दमत होते, ती कशानं हो?"

खरोखर विचारत होत्या त्या. त्यांना माहीत नव्हतं. धाकटी दोन पायऱ्या वर आली, तिनं ताईंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "बस इथे."

"अगं, लोक जातायत."

"जाऊ देत. बस."

ताई पायरीवर बसल्या. येणारेजाणारे कडेनं जात होते. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. लाँड्रीत ताईंच्या कामाची वेळ होत आली होती, पण त्या उठल्या नाहीत.