आखाजीचा झोका आणि नानांचे डोळे

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोका घेतात. शिंदखेड्याच्या आमच्या अंगणातला झोक्याचा कडुलिंब रस्त्याच्या कामात तोडला, तेव्हा नाना म्हणाले, लोखंडाचा झोका करू. नाना म्हणजे माझे वडील. दीपनगरच्या वीज केंद्रातली नोकरी संपवून आल्यावर त्यांनी घरी वेल्डिंगचं लहानसं मशीन घेतलं होतं. गावातल्या निम्म्या कूलरांचे स्टँड त्यांच्या हातचे.

त्याच हिवाळ्यात त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा त्यांना इतका आवडला, की झोक्याचं वेल्डिंगही त्यांनी तोच लावून सुरू केलं. मी जळगावहून चार दिवस आधीच आले, तर नाना बाजेवर आडवे आणि आई त्यांच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतेय. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं म्हणे. गळ्याखाली, सदऱ्याच्या उघड्या बटणांपाशी कातडी लालभडक झाली होती, आणि दोघांनी मिळून निदान केलं होतं, ऊन लागलं!

मी जाम घाबरले. इतक्या वर्षांनी त्यांना नीट दिसायला लागलं होतं.

"डॉक्टरनी दिधेल चष्मा शे हाऊ," नाना ठसक्यात म्हणाले.

डॉक्टरांनी तो उन्हासाठी दिला होता. वेल्डिंगच्या उजेडाला तो काय पुरणार? दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, नशिबाने जखम खोल नव्हती. तिथून तडक धुळ्याला जाऊन सामान आणलं. सगळं तोंड आणि गळा झाकणारं हेल्मेट, त्यात अकरा नंबरची गडद काच, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, चामड्याचा एप्रन. सदरा लांब बाह्यांचा आणि निव्वळ सुती हवा, टेरिकॉट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं, असं दुकानदाराने बजावलं होतं. कापूस पिकवणाऱ्या आमच्या घरात तेवढा एक सुती सदरा सापडेना. शेवटी आईने जुन्या धोतराचा शिवला.

डोळे बरे झाल्यावर नानांनी हे सगळं बघितलं आणि हातमोजे तेवढे घेतले. "या उन्हामा तोंड झाकीसन काम करू का?" म्हणत परत तोच काळा चष्मा लावला. मी चिडले, समजावलं, रडायचीच बाकी होते. नाना ढिम्म.

पण पाइप धरायला कायम आई लागायची. ती पदर तोंडावर ओढून, मान वळवून पाइप धरायची. त्या दिवशी ती उंबऱ्यावरच बसून राहिली.

"आधी हाई डोकामा घाला, मंग मी पाइप धरसू."

नानांनी हेल्मेट घेतलं, उलटसुलट केलं. मग काहीतरी आठवल्यासारखं आईकडे बघितलं. "आनी तुना डोयास्नं काय?"

त्यांनी मशीन बंद केलं आणि दुपारच्या एसटीने स्वतः धुळ्याला गेले. येताना आईसाठी दुसरं हेल्मेट. आखाजीच्या आदल्या दिवशी माझे आईवडील अंगणात समोरासमोर बसले, दोघांची तोंडं झाकलेली, आणि आतून एकमेकांवर ओरडत होते. मी इतकी हसले, की पोट दुखलं.

नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. झोका अजून पक्का आहे, एक सांधा हललेला नाही. दोन्ही हेल्मेटं पडवीत खुंटीला आहेत.

त्यांच्या शेवटच्या आखाजीला मी फाटकातून आत येत होते. नाना झोक्यावर बसले होते. मी तोंडही उघडलं नव्हतं, उन्हासाठी डोक्यावरून ओढणी घेतलेली, आणि त्यांनी तिथूनच डोळे बारीक करून मला निरखलं.

"बारीक व्हई गई वं तू," नाना म्हणाले.