फ्यूजकाकांनी शोधलेला बिघाड

फ्यूजकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला सोडून वस्तीत कुणालाही सांगता यायचं नाही. बत्तीस वर्षं माणूस लाइनमन होता. खांब चढला, तारा ओढल्या, फ्यूज बांधले आणि शिव्या खाल्ल्या. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त. शहरातून डोंगर ओलांडून एकच लाइन यायची. कुठे फांदी पडली की लाइट गुल आणि लोक थेट काकांच्या दारात. "काका, लाइट खिशात घालून बसलात की काय?" निवृत्त झाले तरी दार वाजायचं थांबलं नाही.

त्यातून वस्तीला एक खोड लागली होती. लाइट आली रे आली की सगळे तुटून पडायचे. पाण्याची मोटर लाव, इस्त्री लाव, गिरणी लाव, सगळं एकदम. परत कधी जाईल काय भरवसा? आणि त्या भाराने खरंच फ्यूज उडायचा. मग पुन्हा काका, पुन्हा खांब, पुन्हा शिव्या.

गेल्या वर्षी काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी मशीन दिलं, हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं. त्याला रात्रंदिवस वीज हवी. जोडीला एक लहान सिलिंडर, फार तर सहा तासांचा. आयुष्यभर दुसऱ्यांची लाइट गेल्यावर "येईल हो, धीर धरा" म्हणणारे काका आता बल्ब जरा लुकलुकला तरी घाबरेघुबरे व्हायचे.

अशात शाळेच्या छपरावर सोलरचे पॅनेल चढले आणि मागच्या खोलीत कपाटाएवढ्या बॅटऱ्या येऊन बसल्या. इंजिनिअरबाई वयाने लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, देखरेख तुम्हीच करायची."

"आम्ही जन्मभर तारांशी झटलो, आणि आता ह्या काचा वीज देणार होय!" काका फणकारले, पण किल्ली घेतली.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं चांगलंच वाजलं. बाईंनी बाहेरच्या भिंतीवर मोठा पडदा लावला. बॅटरी किती उरली, वस्ती किती वीज ओढतेय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. काका म्हणाले, "बाई, ही माणसं मी ओळखतो. बॅटरी संपत आलेली दिसली की उरलेली ओरबाडतील." बाईंनी ऐकलं नाही.

मग एके दिवशी सकाळी शहरातल्या जुन्या सोबत्याचा फोन आला. "काय रे, तासभर लाइन बंद आहे, तुझ्याकडे बोंबाबोंब नाही?" काकांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. आतून मशीनची घरघर नेहमीसारखी येत होती. शहराची लाइन मेली त्या क्षणी खोलीतल्या यंत्राने स्वतःहून तिच्याशी नातं तोडलं होतं आणि वस्तीची वस्तीपुरती वीज चालू ठेवली होती. छपरावरचं ऊन घरात पंखा फिरवत होतं, आणि एक दारसुद्धा वाजलं नव्हतं! बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. काका शाळेपाशी गेले आणि मान वर करून कितीतरी वेळ त्या काचांकडे बघत राहिले. डोळ्यांना पाणी आलं ते उन्हाने, असं त्यांनी नंतर काकूंना सांगितलं.

पण ऊन म्हणजे काही सरकारी नोकर नव्हे, रोज हजर व्हायला. पुढच्या महिन्यात सलग चार दिवस आभाळ गच्च राहिलं. चौथ्या दिवशी दरड कोसळली आणि शहराच्या लाइनचे खांब, रस्ता, सगळं घेऊन गेली. दुपारी दोन वाजता बॅटरी पंचेचाळीस टक्के. वस्ती चौदा किलोवॉट ओढत होती.

"काका, वीस टक्क्यांखाली सिस्टिम बंद पडेल," बाई फोनवर म्हणाल्या. "लाइन उद्या संध्याकाळपर्यंत येईल. भार कमी करा. गल्ल्यांचे खटके खाली ओढा."

असंच चाललं असतं तर दोन तासही निघाले नसते. पुढे सहा तास सिलिंडर. आणि मग?

घरी काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "अहो, माझ्यापायी कुणाच्या घरात अंधार करू नका. शपथ आहे."

"अगं, पण..."

"शपथ आहे म्हटलं ना!"

काका उठले. शपथ गेली खड्ड्यात, असं ठरवूनच निघाले. तरी बॅटरीच्या खोलीत खटक्यावर हात ठेवला आणि हात अडला. साहेबाच्या हुकमाने हजारदा लोकांची लाइट तोडली होती. आज स्वतःच्या बायकोसाठी तोडायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी लोकांना विचारून तरी यावं, म्हणून बाहेर आले, तर पडद्यावर चौदाचे अकरा झाले होते. बघता बघता आठ. मग पाच.

भार आपोआप उतरतो तो एकाच कारणाने, कुठेतरी तार तुटलीय! ही माणसं आपणहून काही बंद करतील, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. टेस्टर आणि पक्कड घेऊन ते पहिल्या गल्लीत धावले. सुताराच्या दारातल्या पेटीला टेस्टर लावला. वीज होती. आत सुतार हाताने रंधा मारत होता.

"रंध्याच्या मशीनला काय झालं?" काकांनी विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे. पडद्यावर बॅटरी बघितली, म्हणून बंद केलंय."

दुसऱ्या गल्लीतही वीज होती. शिंपीण खिडकीशी बसून हाताने टाके घालत होती, इस्त्री गार पडली होती. काकांना बघून ती म्हणाली, "काय हो, इतकं धावायला काय झालं? घरी बसा ना काकूंजवळ."

काका गिरणीपाशी आले. गिरणीवाला म्हणजे वस्तीतला सगळ्यात भांडखोर माणूस. काकांना सगळ्यात जास्त शिव्या त्यानेच दिल्या होत्या. शटर अर्धं ओढलेलं. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : गिरणी बंद. काकूंचं मशीन चालू.

काका तिथेच पायरीवर बसले. बत्तीस वर्षं ज्यांना शिव्यांसाठी ओळखलं ती हीच माणसं?

घरी आले तेव्हा मशीन घरघरत होतं. शाळेच्या पडद्यावर जेमतेम एक किलोवॉट होता; एवढ्यावर उद्याची संध्याकाळ गाठता येणार होती.

"सापडला का बिघाड?" काकूंनी विचारलं.

"सापडला," काका नाक पुसत म्हणाले. "माझ्यातच होता."